ऑफिस मोजायचं ते कारकुनाच्या खुर्चीवरून

लॉकडाऊननंतर कंपन्यांनी लोकांना परत ऑफिसात बोलवायला सुरुवात केली, तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा उकरला जातोय: ओपन ऑफिस चांगलं की वाईट? एक बाजू म्हणते, भिंती नसल्या की माणसं एकमेकांशी बोलतात, कामं भराभर मार्गी लागतात. दुसरी बाजू म्हणते, शेजारचा दिवसभर फोनवर बोलत असताना डोकं चालणार कसं? आम्हाला आमच्या केबिनी परत द्या. या दुसऱ्या बाजूने आता आरोपीही शोधून काढलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधुनिक वास्तुकलेच्या नादात ज्यांनी मोठाले मोकळे हॉल बांधले, त्यांनीच म्हणे माणसाला ओळीतल्या टेबलाला जुंपलं. मला हा सगळा वाद भलत्याच जागी चाललाय असं वाटतं. भिंत असावी की नसावी, हा दुय्यम प्रश्न आहे. त्या इमारतीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या खुर्चीपर्यंत उजेड किती पोचतो, हवा कुठून येते, आवाज किती येतो, हे आधी विचारायला हवं. आणि ज्यांच्यावर खापर फोडलं जातंय त्या मंडळींनी हाच प्रश्न आधी विचारला होता. आपण त्यांचा हॉल तेवढा उचलला आणि प्रश्न तिथेच टाकून आलो.

हे मी लांबून बोलत नाही. पुण्यातल्या एका ऑफिसात मी अकरा वर्षं बिलिंगच्या विभागात काढली. बाहेरून बघाल तर इमारत निळ्या काचेची, उन्हात चमकणारी. आत आमच्या ओळीपासून सगळ्यात जवळची खिडकी चौदा टेबलं पलीकडे होती, आणि तिचेही पडदे कायम खाली, कारण दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर यायचं. म्हणजे भर बारा वाजता, बाहेर लख्ख उजेड असताना, आत छताचे दिवे जळत. माझ्या शेजारच्या ताईंच्या बरोबर डोक्यावर एसीची जाळी होती. गार झोताने त्यांची मान धरायची. म्हणून त्या जाळीच्या अर्ध्या भागाला कोणीतरी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावून ठेवला होता. दर काही महिन्यांनी मेन्टेनन्सचा मुलगा शिडी लावून तो काढून न्यायचा आणि दोन दिवसांत तिथे नवा पुठ्ठा दिसायचा. मे महिन्यात, बाहेर चाळीस अंश तापलेलं असताना, ताई खांद्यावर शाल घेऊन बिलं तपासत. या अकरा वर्षांत मॅनेजमेंट आणि कर्मचाऱ्यांमध्ये चर्चा किती झाल्या! पण त्या सगळ्या टेबलांमधली पार्टिशन साडेतीन फूट उंच हवीत की साडेचार, यावर. पुठ्ठ्याचा विषय एकाही बैठकीत निघाला नाही.

म्हणून बफेलोच्या लार्किन कंपनीची इमारत आठवावीशी वाटते. वादात तिचं नाव नेहमी आरोपपत्रात येतं, पण ती नीट समजून घेऊन बोलणारे थोडे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जॉन लार्किन यांनी १८७५ साली साबणाचा धंदा सुरू केला. पुढे कंपनी टपालाने थेट घराघरांत माल विकू लागली, साबणाबरोबर भेटवस्तू देऊ लागली, आणि पत्रांचा नुसता पूर आला. प्रत्येक पत्र उघडायचं, गिऱ्हाइकाचं खातं शोधायचं, उत्तर लिहायचं, माल रवाना करायचा. डार्विन मार्टिन या अधिकाऱ्याने जाडजूड खतावण्या बाजूला सारून दर गिऱ्हाइकामागे एक कार्ड अशी पद्धत बसवली होती. एवढा पसारा सांभाळायला शेकडो कारकून लागत, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी इमारत बांधायचं काम फ्रँक लॉइड राइट या पस्तिशीतल्या वास्तुरचनाकाराकडे आलं. १९०४ ते १९०६ या काळात ती उभी राहिली.

जागा कशी होती? कारखान्यांच्या वस्तीत, रेल्वेच्या यार्डाला लागून. कोळशाच्या इंजिनांचा धूर दिवसभर. खिडकी उघडी ठेवली तर कागदावर काजळी, बंद ठेवली तर जीव गुदमरणार. राइटने इमारतीची तोंडं बाहेरून मिटली आणि आतून उघडली. खिडक्या दुहेरी काचेच्या आणि बंद. मधोमध पाच मजले उंचीचा चौक, वर काचेचं छप्पर, चारी बाजूंनी सज्जे. आपल्याकडचा जुना वाडा ज्याने पाहिलाय त्याला हा चौक लगेच डोळ्यांपुढे येईल. फरक इतकाच, की याच्यावर काच आहे आणि सज्ज्यांत टेबलं मांडलीत. सज्ज्यातल्या माणसाला एका अंगाने चौकातला उजेड, दुसऱ्या अंगाने उंचावरच्या खिडक्यांतला. त्या खिडक्यांखालची भिंत फायलींच्या कपाटांनी भरलेली, कपाटं भिंतीतच बसवलेली. जिने चार कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांत ढकलले, म्हणजे मधली जागा मोकळी. हवा त्या कोपऱ्यांतूनच, उंचावरून, खाली ओढली जाई. तळघरात पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाई, थंडीत गरम केली जाई, आणि मग मजल्यामजल्यावर सोडली जाई. पुढे काही वर्षांत ती गार करायचीही सोय झाली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०२ साली विलिस कॅरिअर या इंजिनीअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. एसीचा जन्म तिथला मानतात. पण ती योजना माणसांसाठी नव्हती, कागदासाठी होती: दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. कागदाला चांगली हवा द्यायला धंदा आपणहून तयार झाला, कारण बिघडलेला कागद दिसतो. बिघडलेली मान दिसत नाही. दोन-चार वर्षांच्या आत बफेलोत कोणीतरी पत्रं लिहिणाऱ्या मुलींच्या नाकापर्यंत जाणाऱ्या हवेचा तितकाच काटेकोर विचार केला, आणि तोही इमारतीचा सांगाडा ठरवतानाच, हे मला त्या वास्तूतलं सगळ्यात मोठं नावीन्य वाटतं. तिचं बाहेरचं रूप, विटांचे ते भक्कम चिरेबंदी वाटणारे मनोरे, पुष्कळांना आवडले नाहीत. रसेल स्टर्जिस या नामवंत समीक्षकाने १९०८ साली तिला सरळ कुरूप ठरवलं. त्या काळातही वाद बाहेरच्या भिंतींवरच झाला, आतल्या हवेवर झाला नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. ते थोडं नाही. लार्किनचा चौक उजेडासाठी होता तसा नजरेसाठीही होता. सज्ज्यांतून सगळे सगळ्यांना दिसत. ओळीत बसलेल्या बायका, समोर सारखी टेबलं, वर भिंतींवर उत्साह, संयम, निष्ठा, काटकसर, उद्योग असले शब्द कोरलेले. राइटने लोखंडी टेबलं स्वतः आखली आणि काही टेबलांना खुर्च्या जोडूनच टाकल्या. जमीन झाडायला सोपं जावं म्हणून खुर्ची टेबलाच्या पायाशी फिरणाऱ्या दांड्यावर बसवली. बसणाऱ्याला ती हवी तशी मागेपुढे घेता येत नसे. झाडणाऱ्याची सोय पाहिली, बसणाऱ्याच्या पाठीची पाहिली नाही. कंपनी हे सगळं दयेपोटी करत होती असंही नाही. ताजी हवा खाल्लेला कारकून जास्त पत्रं निपटतो, हा हिशेब होताच. १९११ साली फ्रेडरिक टेलर यांचे कामाचे क्षण-क्षण मोजायचे विचार पुस्तकरूपाने आले आणि मग ऑफिसातही घड्याळ लावून टंकलेखिकांची बोटं मोजणारे निघाले. मोकळा हॉल त्यांच्या हातात आयता सापडला.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. नजर ठेवायची म्हणून हॉल मोकळा ठेवला, असं म्हणणारे एक साधी गोष्ट विसरतात: त्या हॉलमध्ये साहेबही बसत होते. लार्किनचे वरिष्ठ अधिकारी, खुद्द मार्टिनसुद्धा, चौकाच्या तळाशी उघड्यावरच टेबलं मांडून बसत. पाच मजल्यांच्या सज्ज्यांतून कोणीही खाली वाकून त्यांना पाहावं. तीच हवा, तेच छप्पर, तोच उजेड. ज्या हॉलचं आज समर्थन किंवा निषेध चाललाय, त्यात साहेब कुठे आहेत? त्यांच्या केबिनी खिडकीला लागून, आणि मधल्या अंधारात मोकळेपणाचं कौतुक ऐकणारे बाकीचे. मोकळेपणा फक्त खालच्यांना वाटला गेला असेल, तर आक्षेप मोकळेपणावर घ्यायचा की वाटपावर?

दुसरा आक्षेप संशोधनाचा, आणि तो वजनदार आहे. २०१८ साली हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्याच्या आधी आणि नंतर माणसं समोरासमोर किती बोलतात ते यंत्रं लावून मोजलं. बोलणं वाढलं नाही, सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. त्याऐवजी ईमेल वाढले. भिंती गेल्यावर माणसं कानांत हेडफोन घालून स्वतःभोवती भिंत उभी करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. या अभ्यासाने ‘भिंती पाडा, संवाद वाढेल’ हा दावा निकालात काढला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हा दावा केला कोणी? लार्किनने नाही. तिथे गप्पा व्हाव्यात म्हणून हॉल मोकळा ठेवला नव्हता. तो मोकळा होता कारण त्या काळी उजेड आकाशातून यायचा, आणि मध्ये भिंत घातली की तो अडायचा.

हे कारण आपण विसरलो, म्हणून जरा मागे जाऊ. लिव्हरपूलमध्ये १८६४ साली पीटर एलिस या वास्तुरचनाकाराने ओरिएल चेंबर्स नावाची कचेऱ्यांची इमारत बांधली. लोखंडी सांगाडा आणि त्यातून बाहेर आलेल्या, जवळजवळ सगळ्या बाजूंनी काचेच्या खिडक्या. ते साल अमेरिकेतल्या यादवीचं. मुंबईचा कापूस विलायतेत सोन्याच्या भावाने जात होता आणि इथे शेअरबाजाराला वेड लागलं होतं. तिकडे ढगाळ, धुरकट शहरात दिवसभर आकडे लिहिणाऱ्यांना वितभर जास्त उजेड मिळावा म्हणून एलिसने भिंतच खिडकी करून टाकली. त्या वेळच्या टीकाकारांनी त्याची इतकी टर उडवली, की आज शहर ज्या इमारतीचा अभिमान बाळगतं तिच्या कर्त्याला नंतर फारशी कामं मिळाली नाहीत.

शिकागोत तर हा व्यवहारच होता. १८७१च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला. जागा महाग, लिफ्ट आलेली, मग इमारती वर चढल्या. १८८५ साली विल्यम जेनी यांनी होम इन्शुरन्सची दहा मजली इमारत बहुतांशी धातूच्या सांगाड्यावर उभी केली. त्यानंतर सहा वर्षांनी झालेला, तिथल्याच मोनाडनॉक या इमारतीचा जुना अर्धा भाग मात्र भार वाहणाऱ्या विटांच्या भिंतींचा: सोळा मजले, आणि तळाशी भिंतीची जाडी सहा फूट! त्याच इमारतीचा दक्षिणेकडचा भाग १८९३ साली लोखंडी सांगाड्यावर झाला. दोन्ही अर्धे आजही शेजारी शेजारी उभे आहेत. मोनाडनॉकचे मालक असे काटकसरी, की नक्षीकामावर पैसा घालायला तयार नव्हते. तरी भिंतीतून बाहेर झुकणाऱ्या खिडक्या त्यांनी होऊ दिल्या. का? उजेडाची खोली भाड्याने जाते, अंधाराची पडून राहते. खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांच्या पलीकडची जागा भाड्याच्या दृष्टीने निकामी, असं तिथल्या धंद्याचं गणित होतं. १८९५च्या रिलायन्स इमारतीत तर भिंत शोधावी लागते: मध्ये मोठी बंद काच, दोन्ही बाजूंना हवेसाठी उघडणाऱ्या अरुंद खिडक्या.

तेव्हा मुंबईसारख्या शहरात जागा इतकी महाग, इथे चौक आणि उजेड कोणाला परवडणार, हा तिसरा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. शिकागोची जमीन स्वस्त होती का? उजेड तेव्हा परवडत होता, कारण अंधाराची किंमत मालकाला मोजावी लागायची. हे गणित कधी उलटलं तेही सांगता येतं. १९२८ साली टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओची मिलाम बिल्डिंग पूर्ण वातानुकूलित होऊन उभी राहिली. १९३८ साली बाजारात ट्यूबलाइट आली. आता खिडकीपासून शंभर फुटांवरही टेबल मांडता येऊ लागलं आणि त्याचंही पूर्ण भाडं मिळू लागलं. हॉल ज्या कारणासाठी मोकळा होता ते कारणच संपलं, हॉल मात्र राहिला आणि पोटात खोल खोल वाढत गेला. अंधाराची किंमत मालकाच्या खिशातून कारकुनाच्या डोळ्यांवर सरकली. साठच्या दशकात रॉबर्ट प्रॉप्स्ट या अमेरिकन डिझायनरने या हॉलला कंटाळलेल्यांसाठी हलती पार्टिशन आणि कमीजास्त उंचीची टेबलं आखली. कंपन्यांनी त्यातलं माणसाला मोकळं करणारं सगळं गाळलं आणि चौकोनी खुराडी तेवढी ठेवली. स्वतःच्या कल्पनेची ती गत पाहून प्रॉप्स्ट यांनाच पुढे दुःख झालं.

लार्किन उभी राहत होती त्याच वर्षांत व्हिएन्नामध्ये ओटो वाग्नर हे वास्तुरचनाकार टपाल बचत बँक बांधत होते. ती सरकारी कचेरी. बँकेच्या दिवाणखान्यावर काचेचं छप्पर आहे हे सगळे सांगतात, छायाचित्रंही त्याचीच काढतात. मला कौतुक वाटतं जमिनीचं. तिथली फरशीही काचेच्या ठोकळ्यांची आहे, म्हणजे वरून आलेला उजेड तिथे न थांबता खालच्या मजल्यावर काम करणाऱ्यांपर्यंत झिरपतो. खातेदार तो खालचा मजला कधी पाहणार नव्हता. तरी छपरातून आलेल्या उजेडातला वाटा खाली पाठवायचा, असं कोणीतरी कागदावर काढलं, त्याचा खर्च मंजूर झाला, आणि ती फरशी घातली गेली. गरम हवा फेकणारे ॲल्युमिनियमचे खांब दिवाणखान्यात उघडे उभे केले, लपवले नाहीत. ऑफिसांच्या मधल्या भिंती वजन न पेलणाऱ्या ठेवल्या, म्हणजे लागतील तशा काढता-घालता याव्यात. भिंत हवी की नको यावर शंभर वर्षांनी भांडणाऱ्या आपल्याला वाग्नर यांनी उत्तर देऊन ठेवलंय: भिंत हलू द्या, उजेड आणि हवा पक्की करा.

आणि शेवटचा टोमणा, लार्किनची इमारत जर इतकी शहाणी होती तर ती पाडली का गेली? ती पडली कारण कंपनी बुडाली. मोटारी आल्या, दुकानांच्या साखळ्या आल्या, टपालाने साबण मागवणारं गिऱ्हाईक उरलं नाही. इमारत कराच्या थकबाकीत शहराकडे गेली, १९४९ साली अवघ्या ५,००० डॉलरला विकली गेली आणि १९५० साली ट्रकांचा तळ करायचा म्हणून पाडली. बांधणी इतकी भक्कम, की पाडायलाच महिने लागले. ट्रकांचा तळ झाला नाही. आज तिथे गाड्या लावतात आणि कुंपणाचा एक विटांचा खांब उरलाय. राइटच्या इमारतींत दोष नव्हते असं मी म्हणत नाही; अमेरिकेतल्याच रसीन गावच्या जॉन्सन वॅक्स कंपनीसाठी त्याने १९३९मध्ये पुरं केलेलं ऑफिस काचेच्या नळ्यांच्या छतातून वर्षानुवर्षं गळलं. गळती दुरुस्त करता येते. ज्या इमारतीत हवेचा विचारच झाला नाही तिची दुरुस्ती पुठ्ठ्याने होते.

आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याने कामगार श्वास घेतो त्या जागेचाही आकडा लिहून ठेवला: नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर. वायुवीजन, उजेड यांची वेगळी कलमं घातली. यंत्रावरच्या माणसाला फुप्फुसं असतात हे देशाने स्वातंत्र्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात कागदावर मान्य केलं. टेबलावरच्या माणसासाठी असा आकडा मागताना मी ना युनियनवाल्यांना ऐकलं, ना ‘परत या’ म्हणणाऱ्या कंपन्यांना, ना ‘घरूनच काम करू’ म्हणणाऱ्यांना. जर्मनीत कामाच्या जागेवरून बाहेरचं दिसलं पाहिजे, असा नियम आहे. आपल्याला तेवढंही मागावंसं वाटू नये?

आमचं ऑफिस नव्या जागेत हलणार होतं तेव्हा आराखडा दाखवायला सगळ्यांना बोलावलं. केबिनी कुठे, पँट्री कुठे, पार्टिशनचा रंग कोणता, यावर तासभर गेला. मी विचारलं, बाहेरची हवा आत कुठून येणार? आराखडा करणाऱ्या बाईंनी पानं उलटली आणि सांगितलं, ते एसीवाल्यांच्या नकाशात असतं, तो वेगळा आहे. पुढच्या आठवड्यात तो मागवला. ताजी हवा ओढणारी जाळी तळमजल्यावर होती, जनरेटरच्या धुराड्यापासून दहा पावलांवर. ती दुसऱ्या अंगाला न्यायची म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली, एक रेघ खोडली आणि दुसरी ओढली.